पॅरामेडिक ते आरएन: अमेरिकेतला ऑनलाइन मार्ग कुठून धरायचा आणि कुठे अडतो

रात्री तीनला आम्ही पॅरामेडिक, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर उपचार करणारे, इमर्जन्सीच्या दारातून स्ट्रेचर आत घ्यायचो. धाप लागलेल्या आजी, पायांवर सूज, तोंडावर सीपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणारा, मास्क. नर्सला दीड मिनिटात रिपोर्ट, टॅबलेटवर सही, स्ट्रेचर पुसून नवी चादर आणि परत गाडीत. आजींचं पुढे काय झालं, हे बहुतेक वेळा कळायचंच नाही. आठ वर्षं हे केल्यावर पुढचं कळावं असं वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू, पाठही दुखायला लागली होती आणि पगाराचा आकडा हलत नव्हता. कामगार खात्याच्या मे २०२४च्या आकडेवारीत पॅरामेडिकचं मध्यम वार्षिक वेतन ५८,४१० डॉलर आहे आणि नोंदणीकृत नर्सचं, म्हणजे आरएनचं, ९३,६००. स्टेशनवरच्या निम्म्या गप्पा या फरकावरच चालायच्या.

आता मी त्याच दाराच्या आतल्या बाजूला उभी असते. रिपोर्ट देऊन झाला की तरुण पॅरामेडिक हळूच विचारतात, "सगळं ऑनलाइन होतं का? कुठलं कॉलेज चांगलं?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे: थिअरी घरबसल्या होते, क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष शिक्षण, होत नाही. दुसरा प्रश्न मात्र चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे. आधी लायसन्स कुठल्या राज्याचं हवं ते ठरवायचं, मग त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाचे नियम वाचायचे आणि कॉलेज सगळ्यात शेवटी शोधायचं. मी हे उलटं केलं आणि एक अख्खं वर्ष घालवलं.

आधी राज्य, मग बोर्ड, मग कॉलेज

अमेरिकेत नर्सचं राष्ट्रीय लायसन्स नसतं. एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा देशभर एकच, पण त्या परीक्षेला बसू द्यायचं की नाही हे राज्याचं बोर्ड ठरवतं. कॉलेज एका राज्यात, तुम्ही दुसऱ्या राज्यात आणि नोकरी तिसऱ्यात, असं ऑनलाइन शिक्षणात सहज होतं. घोटाळा इथेच होतो.

याचं सगळ्यात जुनं उदाहरण न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या एक्सेल्सियरचं. १९७०च्या दशकात सुरू झालेला दूरशिक्षणाचा उपक्रम, पुढे रीजंट्स कॉलेज, मग एक्सेल्सियर कॉलेज आणि २०२२पासून एक्सेल्सियर युनिव्हर्सिटी. पॅरामेडिक आणि एलपीएन (आरएनच्या खालच्या पातळीची परवानाधारक नर्स) यांच्यासारख्या, आधीच आरोग्यक्षेत्रात असलेल्यांना दुरून शिकून नर्सिंगची असोसिएट, म्हणजे बॅचलरच्या खालची, पदवी देणारी ही संस्था, म्हणून आमच्या पिढीत प्रत्येक ॲम्ब्युलन्स स्टेशनवर तिचं नाव निघायचं. तिथे बरीच वर्षं नेहमीच्या देखरेखीखालच्या क्लिनिकल तासांच्या जागी हॉस्पिटलमध्ये घेतली जाणारी दोन-तीन दिवसांची कडक प्रात्यक्षिक परीक्षा होती. संस्था मान्यताप्राप्त, पदवी खरी, तरीही काही राज्यांच्या बोर्डांनी "आम्हाला तास हवेत" म्हणून वेगळ्या अटी घातल्या. कॅलिफोर्नियाने तर डिसेंबर २००३नंतर तिथे प्रवेश घेतलेल्यांना आपल्या राज्यात लायसन्स द्यायचं थांबवलं. म्हणजे पदवी अस्सल असूनही लायसन्स अडू शकतं. अभ्यासक्रम बदलतात, अटीही बदलतात, म्हणून दहा वर्षांपूर्वी पास झालेल्या मित्राच्या अनुभवावर विसंबू नका.

तेव्हा बसा आणि तुमच्या राज्याच्या बोर्डाला ईमेल लिहा. फोन नको, फोनवर मिळालेलं "हो" नंतर दाखवता येत नाही. मजकूर साधा ठेवा: मी या राज्यात राहते, पॅरामेडिक आहे, अमुक संस्थेच्या अमुक प्री-लायसन्सर (पहिलं लायसन्स मिळवून देणाऱ्या) कार्यक्रमात प्रवेश घेण्याचा विचार आहे. पदवीनंतर मला इथे एनक्लेक्सला बसता येईल का? क्लिनिकलचे किमान तास किती लागतात? ते तास माझ्याच राज्यातल्या हॉस्पिटलमध्ये करायला त्या संस्थेला परवानगी आहे का? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. उत्तर आलं की पीडीएफ करून ठेवा. हाच प्रश्न कॉलेजलाही विचारा. आपला कार्यक्रम कुठल्या राज्याच्या लायसन्सच्या अटी पुऱ्या करतो, हे विद्यार्थ्याला सांगणं कॉलेजांना केंद्रीय नियमांनीच भाग आहे. वेबसाइटवर "प्रोफेशनल लायसन्सर" नावाच्या पानावर राज्यांची यादी असते. ते पान सहसा अगदी तळाशी, बारीक अक्षरात सापडतं.

दुसरी गोष्ट कॉम्पॅक्टची, म्हणजे राज्यांमधल्या कराराची. चाळीसहून अधिक राज्यं नर्स लायसन्सर कॉम्पॅक्टमध्ये आहेत. त्यांपैकी एकाचे तुम्ही कायम रहिवासी असाल, तर एकाच बहुराज्यीय लायसन्सवर बाकीच्या सदस्य राज्यांतही काम करता येतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत. पुढेमागे बिऱ्हाड हलणार असेल, तर हा विचार आजच करा.

जाहिरात कशी वाचायची

"१०० टक्के ऑनलाइन आरएन, क्लिनिकलची कटकट नाही" असं दिसलं की ते पान बंद करा. आरएन ते बीएसएन, म्हणजे आधीच नर्स असलेल्यांसाठीचा नर्सिंगच्या बॅचलर पदवीचा अभ्यासक्रम, खरोखर जवळपास सगळा ऑनलाइन होतो. जाहिरातवाले तो आणि नव्याने आरएन होणं या दोन गोष्टी मुद्दाम एकाच वाक्यात ठेवतात आणि थकलेला माणूस फसतो.

कार्यक्रमाला दोन वेगळ्या मान्यता लागतात. एक राज्याच्या बोर्डाची मंजुरी. ती नसेल तर एनक्लेक्सला बसताच येणार नाही. दुसरी नर्सिंगच्या मान्यता संस्थेची: एसीईएन, सीसीएनई किंवा एनएलएन सीएनईए. ही नसली तरी काही राज्यांत लायसन्स मिळतं, पण पुढे बीएसएनला क्रेडिट घेताना, मास्टर्सला किंवा काही हॉस्पिटलांत अर्ज करताना दारं बंद दिसतात. या संस्थांच्या स्वतःच्या साइटवर जाऊन कॉलेजचं नाव शोधा. कॉलेजच्या पानावरचा शिक्का पुरावा होत नाही.

हे इतकं ताणून सांगायला कारण आहे. जानेवारी २०२३मध्ये ऑपरेशन नाइटिंगेल या नावाने फ्लोरिडातलं एक प्रकरण बाहेर आलं. तिथल्या तीन शाळांमधून ७,६००हून जास्त खोट्या नर्सिंग पदव्या आणि ट्रान्सस्क्रिप्ट (गुणपत्रकं) विकले गेले होते. त्यांतले सुमारे २,४०० जण एनक्लेक्स पासही झाले. घेणाऱ्यांनी हजारो डॉलर मोजले होते आणि पुढे कित्येक राज्यांच्या बोर्डांनी त्यांची लायसन्सं रद्द केली. तेव्हापासून झटपट कोर्स करून आलेल्यांचे कागद बोर्ड जास्त बारकाईने बघतात. त्या प्रकरणाशी दुरूनही संबंध असलेल्या शाळेचं नाव तुमच्या अर्जात नसलेलं बरं.

शेवटची तपासणी म्हणजे कॉलेजचा एनक्लेक्सचा पहिल्या प्रयत्नाचा निकाल. तो बहुतेक राज्यांची बोर्डं वर्षवार छापतात. एक वर्ष बघू नका, चार-पाच वर्षं ओळीने बघा. निकाल दरवर्षी खाली येत असेल, तर आत काहीतरी बिघडलंय. तसंच शंभर आत घेतले आणि चाळीसच परीक्षेपर्यंत पोचले, तरी निकाल चकचकीतच दिसतो. म्हणून किती जण वेळेत पदवीपर्यंत जातात हेही विचारा.

तुमच्यासाठी दार कुठलं

नेहमीचं दार म्हणजे असोसिएट पदवीचा, एडीएनचा ब्रिज, म्हणजे आधीचं शिक्षण धरून पुढे नेणारा अभ्यासक्रम. बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत एलपीएन ते आरएन ब्रिज असतो आणि त्यातच पॅरामेडिकलाही घेतात. इंडियानातल्या आयव्ही टेकमध्ये असा ट्रान्झिशनचा मार्ग आहे. एक संक्रमणाचा विषय पास केला की सुरुवातीचा काही भाग माफ होतो. थिअरी ऑनलाइन किंवा अर्धी ऑनलाइन, लॅब आणि क्लिनिकल प्रत्यक्ष. माझ्या मते स्वतःच्या गावाजवळचं असं कम्युनिटी कॉलेज हे दूरच्या चकचकीत ऑनलाइन नावापेक्षा नव्वद टक्के लोकांसाठी चांगलं, कारण क्लिनिकलच्या जागा शोधायची जबाबदारी तिथे कॉलेजची असते. काही ऑनलाइन कार्यक्रमांत ती तुमच्या गळ्यात पडते. मग तुम्ही हॉस्पिटलांना फोन करत फिरता आणि हॉस्पिटलं म्हणतात, आमचा त्या कॉलेजशी करार नाही.

आपल्यातल्या पुष्कळांना एक वेगळं दार उघडं असतं आणि त्यांना ते माहीतच नसतं. तुमच्याकडे कुठल्याही विषयातली बॅचलर पदवी असेल, अगदी भारतातली बी.कॉम.सुद्धा, तर ॲक्सिलरेटेड बीएसएन बघा. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, विज्ञानाचे विषय आधी भरून काढावे लागतात, पण मुख्य अभ्यासक्रम साधारण १२ ते १८ महिन्यांत संपतो आणि हातात थेट बीएसएन येते. अडचण एकच: तो पूर्ण वेळ असतो आणि चोवीस तासांच्या शिफ्ट करत तो झेपत नाही.

एडीएन की बीएसएन, या वादात मी फार पडत नाही. लायसन्स दोन्हींचं तेच. न्यूयॉर्कमध्ये २०१७च्या कायद्याने नव्या नर्सना दहा वर्षांत बॅचलर पदवी घ्यावी लागते आणि मोठी हॉस्पिटलं बीएसएन मागतात. पण आधी आरएन होऊन, नर्सच्या पगारावर आणि बऱ्याचदा हॉस्पिटलच्याच खर्चाने बीएसएन ऑनलाइन करणं हा खिशाला परवडणारा क्रम आहे.

जुने कागद आणि राहिलेले विषय

पॅरामेडिकचं शिक्षण कॉलेजमधून झालं असेल, तर ट्रान्सस्क्रिप्टवर क्रेडिट असतात. फायर अकॅडमी किंवा खासगी संस्थेत झालं असेल, तर बहुतेकदा फक्त प्रमाणपत्र असतं. मग कॉलेज पूर्वशिक्षणाचं मूल्यांकन करून क्रेडिट देतं का, हे विचारावं लागतं. तुमची संस्था सीएएएचईपी-मान्य (आरोग्य अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) होती का, हेही बघतात. १ जानेवारी २०१३पासून राष्ट्रीय नोंदणीच्या पॅरामेडिक परीक्षेसाठी ती अटच आहे, पण त्याआधी शिकलेल्यांनी आपला कागद काढून बघावा.

आता मुख्य खड्डा: ॲनाटमी आणि फिजिऑलॉजी. पॅरामेडिकच्या अभ्यासक्रमातला "ईएमएससाठी (आपत्कालीन वैद्यकीय सेवेसाठी) ॲनाटमी" नावाचा विषय नर्सिंगला सहसा चालत नाही. लॅबसहित दोन सत्रांचा पूर्ण विषय लागतो आणि वर मायक्रोबायॉलॉजी. शिवाय इंग्रजी लेखन, मानसशास्त्र, मानवी विकास आणि कुठे कुठे स्टॅटिस्टिक्स. विज्ञानाच्या विषयांना पुष्कळ कॉलेजांत पाच ते सात वर्षांची मुदत असते. त्याआधी केलेले असले तर परत करा. मी ॲनाटमीची लॅब ऑनलाइन केली होती. घरी खोका आला होता, त्यात मेंढीचा मेंदू आणि एक बोथट सुरी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून कापाकापी केली, फोटो काढून पाठवले, ए ग्रेड मिळाली. मग ज्या कॉलेजात जायचं होतं त्यांनी सांगितलं, आम्ही ऑनलाइन लॅब घेत नाही. ते वाया गेलेलं वर्ष हेच. विषय घेण्याआधी, ज्या कॉलेजात पुढे जायचं आहे त्यांच्याकडून "हा विषय, या कॉलेजचा, या क्रमांकाचा, चालेल" असं लिहून घ्या.

मानसशास्त्र, मानवी विकास, इंग्रजी लेखन हे विषय सीएलईपीच्या, म्हणजे वर्गात न बसता क्रेडिट देणाऱ्या, परीक्षा देऊनही सुटतात, अर्थात कॉलेज ते क्रेडिट मानत असेल तर. ॲनाटमी आणि मायक्रोबायॉलॉजीला ही वाट नाही.

प्रवेशासाठी टीज किंवा हेसी ए-टू ही परीक्षा. टीजमध्ये वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी मिळून १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं. पॅरामेडिकचं गणित औषधांच्या डोसमुळे पक्कं असतं. गुण जातात ते विज्ञानात, पेशी आणि रसायनशास्त्राच्या प्रश्नांवर. सहा आठवडे पुरतात.

शिफ्ट सांभाळून अभ्यास

२४ तास काम, ४८ तास सुट्टी या पाळीत सुट्टीचे दिवस खूप दिसतात, पण पहिला दिवस झोपेत जातो. तो अभ्यासाचा म्हणून मोजायचाच नाही. दुसऱ्या दिवशी सलग पाच-सहा तास, आणि ड्युटीवर फक्त सुटी कामं: फ्लॅशकार्ड, सरावाचे पंधरा-वीस प्रश्न. स्टेशनवर मोठा धडा वाचायला घेतला आणि कॉलचे टोन वाजले, की परत आल्यावर पहिल्या पानापासून सुरुवात.

कॅमेऱ्यासमोरची प्रॉक्टर, म्हणजे दुरून नजर ठेवून घेतलेली, परीक्षा ड्युटीच्या दिवशी चुकूनही ठेवू नका. मी एकदा ठेवली होती. परीक्षेआधी खोली चारी बाजूंनी कॅमेऱ्यात दाखवली, टेबलाखालचंही दाखवलं, दार लावलं. चाळीस मिनिटांनी पार्टनर दार उघडून आत आला, "किल्ल्या कुठे आहेत?" विचारून गेला. तेवढ्यावर परीक्षा संशयित म्हणून नोंदली गेली आणि खुलासे लिहिण्यात दोन आठवडे गेले. तेव्हापासून परीक्षा घरी, दारावर चिठ्ठी, फोन दुसऱ्या खोलीत.

ब्रिजच्या पहिल्या सत्रात तासांची अवाजवी बढाई मारू नका. एका क्रेडिटमागे आठवड्याला तीन तास हा माझा हिशेब. नऊ क्रेडिट म्हणजे सत्तावीस तास. त्यात ओव्हरटाइम बसत नाही. मॅनेजरला सत्र सुरू व्हायच्या आधी क्लिनिकलचे दिवस सांगून शिफ्टची अदलाबदल ठरवून घ्या. ऐनवेळी मागितली की उपकार होतात.

जे विसरावं लागतं

यावर कोणी बोलत नाही आणि आमचे लोक नापास होतात ते इथेच. इसीजी, आयव्ही, औषधं यांत पॅरामेडिक वर्गातल्या बाकीच्यांच्या पुढे असतो. पण त्याचं डोकं एका पेशंटच्या वीस-तीस मिनिटांसाठी घडलेलं असतं: काय बिघडलंय, आत्ता काय करू. नर्सकडे चार-पाच पेशंट आणि बारा तास असतात. कॅलिफोर्नियात तर कायद्यानेच मेडिकल-सर्जिकल वॉर्डात एका नर्समागे पाचच्या वर पेशंट देता येत नाहीत. बाकी बऱ्याच ठिकाणी जास्तही असतात. तिथे प्रश्न बदलतो: यांतल्या कोणाचं चार तासांनी बिघडणार आहे आणि मला ते आत्ता कशावरून दिसेल?

माझ्या दुसऱ्या क्लिनिकलची सकाळ सांगते. हार्ट फेल्युअरचे ऐंशीचे आजोबा. नऊच्या औषधांत डिगॉक्सिन (हृदयाचे ठोके मंदावणारं) आणि फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं). मी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजले: ६२. साठच्या वर, म्हणजे द्यायला हरकत नाही. मॉनिटरवर ताल ठीक. गोळ्या कपात टाकल्या आणि निघाले. प्रशिक्षिका दारात उभ्या. म्हणाल्या, "त्यांनी नाश्ता का परत पाठवला?" मी ट्रे बघितलाच नव्हता. "आज सकाळचं पोटॅशियम किती?" मी तेही उघडलं नव्हतं. ३.१ होतं, ३.५ ते ५ हवं. फ्युरोसेमाइड पोटॅशियम खाली आणतं, पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनचं विष चढायचा धोका वाढतो आणि त्याची पहिली खूण म्हणजे भूक जाणं, मळमळणं. आजोबांनी अंडं अर्धं टाकलं होतं, तेच लक्षण होतं. दोन्ही गोळ्या थांबवल्या, डॉक्टरांना कळवलं, रक्तातली डिगॉक्सिनची पातळी मागवली. ॲम्ब्युलन्समध्ये मला कोणी ट्रे दाखवलाच नसता.

दुसरं, हातातली मुभा जाते. रस्त्यावर मेडिकल डायरेक्टरच्या प्रोटोकॉलखाली तुम्ही श्वासनळीत नळी घालता. वॉर्डात नर्स ती घालत नाही. ऑपरेशननंतर मॉर्फिनच्या पंपावर असलेल्या पेशंटचा श्वास मिनिटाला सातवर आला, तर पॅरामेडिकचा हात नॅलोक्सोनकडे, म्हणजे मॉर्फिनच्या उताऱ्याकडे, जातो. नर्सने आधी पंप थांबवायचा, पेशंटला हलवून जागं करायचं, ऑक्सिजन लावायचा, मदत बोलवायची. नॅलोक्सोन लागलंच तर ऑर्डरप्रमाणे, बहुधा ०.४ मिलिग्रॅम १० मिलिलिटर सलाइनमध्ये पातळ करून थोडं थोडं. एकदम दिलं तर श्वास येईल, पण ताज्या टाक्यांची कळही एकदम येईल.

आणि कंटाळवाण्या गोष्टी. ब्रेडन स्केलवर १८ किंवा त्याखाली गुण असले की पडून राहून पाठीवर जखम व्हायचा धोका, म्हणून कूस बदलणं. घरी जाताना औषधं कशी घ्यायची ते समजावणं. दहा पानी केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या काळजीचा लेखी आराखडा, ज्यात "गॅस एक्सचेंज बिघडलेलं" असली वाक्यं लिहायची. मला त्या केअर प्लॅनचा मनापासून राग यायचा. अजूनही येतो, पण त्यातली रीत एनक्लेक्समध्ये जशीच्या तशी विचारतात.

क्लिनिकल

लसींचे कागद, पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, सीपीआर कार्ड: हे सगळं सत्राच्या महिनाभर आधी तयार हवं, एक कागद राहिला तरी पहिला दिवस बुडतो. सिम्युलेशन लॅबकडे "खेळणं" म्हणून बघू नका. एनसीएसबीएनच्या (राज्यांच्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेच्या) २०१४च्या मोठ्या अभ्यासात क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनने भरले तरी निकालात फरक पडला नाही, असं दिसलं. त्यानंतर बऱ्याच राज्यांनी ती मुभा दिली. ऑनलाइन विद्यार्थ्याला याचा फायदा असा की प्रवास कमी होतो. पण "किती टक्के सिम्युलेशन" हे तुमच्या बोर्डाच्या मर्यादेत बसतंय ना, हे तपासा.

वॉर्डातल्या नर्ससमोर "आम्ही ॲम्ब्युलन्सवर असं करायचो" हे वाक्य पहिल्या महिन्यात उच्चारू नका. त्या ऐकून घेतात आणि मग तुम्हाला काही शिकवत नाहीत.

पैसे

एफएएफएसए हा केंद्रीय शिक्षणमदतीचा अर्ज भरा, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर. पेल ग्रँटची (परत न करायच्या केंद्रीय मदतीची) कमाल रक्कम २०२५-२६ला ७,३९५ डॉलर आहे, पण आधीच बॅचलर पदवी असलेल्यांना ती मिळत नाही आणि पदवी परदेशातली असली तरी बहुधा तेच. मालक वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची फी करमुक्त देऊ शकतो. तुमच्या ॲम्ब्युलन्स सेवेची अशी योजना आहे का ते विचारा आणि त्याबदल्यात किती वर्षं बांधून घेतात तेही वाचा. नर्स झाल्यावर गरजू भागात दोन वर्षं काम केलं, तर केंद्राचा नर्स कोअर कार्यक्रम शिक्षणकर्जाचा ६० टक्के भाग फेडतो आणि तिसऱ्या वर्षी आणखी २५. खासगी कर्ज सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नकोच.

एनक्लेक्स

पदवी झाली की बोर्डाकडे लायसन्सचा अर्ज, बोटांचे ठसे, परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यूकडे २०० डॉलर भरून नोंदणी. बोर्डाने पात्र ठरवलं की परीक्षेची परवानगी ईमेलवर येते, तिला मुदत असते. पाच तास, ८५ ते १५० प्रश्न. परीक्षा तुमच्या उत्तरांप्रमाणे अवघड-सोपी होत जाते आणि पास-नापासचा पुरेसा अंदाज आला की बंद पडते. त्यामुळे ८५ला बंद पडली म्हणून रडू नका, १५०पर्यंत गेली म्हणूनही नको. एप्रिल २०२३पासून त्यात केस स्टडी आल्या: एकाच पेशंटवर ओळीने सहा प्रश्न, काय लक्षात आलं इथपासून परिणाम काय झाला इथपर्यंत. काहींना अर्धवट बरोबर उत्तराचेही गुण मिळतात.

पॅरामेडिकने इथे एक खूणगाठ बांधावी. पर्यायांत "तपासा" आणि "करा" दोन्ही असतील आणि प्रश्नात पुरेशी माहिती नसेल, तर आधी तपासा. पण प्रश्नानेच श्वास अडलाय असं सांगितलं असेल, तर परत तपासत बसू नका. "डॉक्टरांना कळवा" हे पहिलं उत्तर क्वचितच असतं. आणि कामाची वाटणी नीट शिका: एलपीएनला काय देता येतं, नर्सिंग असिस्टंटला काय, आणि नव्या पेशंटची पहिली तपासणी आरएनने स्वतःच का करायची. दोन माणसांच्या गाडीत हे कधी शिकावं लागत नाही. रोज सरावाचे ५० ते ७५ प्रश्न आणि चुकलेल्या प्रत्येकाचं कारण वहीत, असं दोन महिने. नापास झालात तर ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं.

त्यानंतर

सगळ्यांना थेट इमर्जन्सी हवी असते. मिळाली तर घ्या, पण नव्या नर्ससाठीच्या रेसिडेन्सीतूनच, म्हणजे देखरेखीखालच्या प्रशिक्षणातूनच. जुना अनुभव बघून तुम्हाला तीन आठवड्यांत एकटं सोडणारी जागा टाळा. हेलिकॉप्टरवर जायचं असेल, तर तिथे सहसा एक नर्स आणि एक पॅरामेडिक अशी जोडी असते आणि नर्सकडून आयसीयू किंवा इमर्जन्सीचा तीन ते पाच वर्षांचा अनुभव मागतात. पॅरामेडिकची ती वर्षं यात धरत नाहीत.

तरीही पॅरामेडिक कार्ड मरू देऊ नका. राष्ट्रीय नोंदणीला दर दोन वर्षांनी ६० तासांचं शिक्षण लागतं. त्यातले बरेच तास हॉस्पिटलच्या कोर्सांमधून निघतात. पेनसिल्व्हेनिया आणि इलिनॉयमध्ये प्रीहॉस्पिटल आरएन अशी वेगळी मान्यताच आहे. बाकी राज्यांत दोन्ही लायसन्सं असली, तर महिन्यातून एखादी शिफ्ट गाडीवर करण्याआधी त्या सेवेच्या मेडिकल डायरेक्टरकडून लेखी घ्या की तुम्ही त्या दिवशी गाडीवर पॅरामेडिक म्हणून आहात की नर्स म्हणून.